लेथवरची धूळ आणि चेहऱ्याला बसणारा मास्क

लेथवर लाकूड कातताना दोन तऱ्हेचा कचरा निघतो. लाकूड ओलसर असेल आणि पटाशीला धार असेल तर लांब, कुरळ्या झिलप्या उडतात. त्या अंगावर नि पायाशी पडतात आणि झाडून टाकल्या की संपल्या. खरी धूळ उठते ती वस्तूला आकार आल्यावर, फिरत्या लाकडाला पॉलिश पेपर लावला की. १२० नंबरवरून २४०, तिथून ४०० असा पेपर बारीक होत जातो तशी धूळही बारीक होते आणि शेवटी दिसेनाशी होते. नांदेड-लातूरकडे घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये, जुन्या वाड्याच्या ओसरीवर किंवा गच्चीवरच्या खोलीत छोटा लेथ बसवून लाटणी, रव्या, भोवरे, देव्हाऱ्याचे खांब किंवा लाकडी वाट्या करणाऱ्याला मास्क घ्यायचा असतो तो या न दिसणाऱ्या धुळीसाठी.

धुळीचे माप मायक्रॉनमध्ये सांगतात. एक मिलिमीटर म्हणजे १००० मायक्रॉन; माणसाचा केस साधारण ५० ते १०० मायक्रॉन जाड असतो. मोठे कण नाकात आणि घशात अडकतात, शिंकेबरोबर किंवा शेंबडाबरोबर बाहेर पडतात. चार-पाच मायक्रॉनपेक्षा बारीक कण मात्र फुप्फुसाच्या टोकापर्यंत पोचतात. वारा नसलेल्या खोलीत छातीच्या उंचीवरून १० मायक्रॉनचा कण खाली बसायला ढोबळमानाने आठ-दहा मिनिटे लागतात. १ मायक्रॉनच्या कणाला अर्धा दिवस पुरत नाही. पंखा चालू असेल तर तो बसतच नाही, फिरत राहतो. म्हणून लेथ बंद केल्या केल्या मास्क काढून चहा घ्यायची सवय वाईट. खोलीत सर्वांत बारीक धूळ नेमकी त्याच वेळी तरंगत असते.

लाकडाची धूळ निरुपद्रवी, असा समज जुना आहे. पिढ्यान् पिढ्या सुतार आणि कातारी त्याच धुळीत काम करत आले. तो समज पहिल्यांदा हलला तो इंग्लंडमधल्या हाय विकम या गावात. लंडनजवळचे हे गाव खुर्च्यांसाठी प्रसिद्ध. तिथल्या फर्निचर कारखान्यांतल्या कामगारांमध्ये नाकाच्या पोकळीचा एक एरवी दुर्मीळ कर्करोग वारंवार आढळतो, हे कान-नाक-घसा तज्ज्ञ एस्मे हॅडफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या ध्यानात आले, आणि १९६८ मध्ये त्यांचे निष्कर्ष ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये छापून आले. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये लाकडाची धूळ पहिल्या गटात, म्हणजे माणसात कर्करोग करते हे सिद्ध झालेल्या पदार्थांत, टाकली. युरोपीय संघात कठीण लाकडाच्या धुळीची मर्यादा आता एका घनमीटर हवेला २ मिलिग्रॅम आहे. हाय विकमचे कामगार वर्षानुवर्षे, दिवसभर धुळीत उभे होते, हे खरे. रविवारी दोन तास लेथ चालवणाऱ्याने त्यांच्याशी स्वतःची तुलना करून घाबरायचे कारण नाही. पण कारखान्यात निदान निरीक्षक येतो, घरच्या शेडमध्ये कोणी येत नाही. आणि शिंका, सकाळचा खोकला, डोळ्यांची जळजळ, धाप हे त्रास मोजक्या तासांच्या कामानेही सुरू होतात.

त्रास किती होईल हे लाकडावरही ठरते. नांदेड जिल्ह्यात किनवट-माहूरकडे सागाचे जंगल आहे, त्यामुळे या भागात सागाचे तुकडे मिळायला फारसे अवघड नाही. लातूर जिल्ह्यात जंगल नावापुरतेच, तिथे बांधावरची बाभूळ, कडुलिंब, चिंच आणि आंबा यांवर भिस्त. सागात क्विनोन जातीची जी द्रव्ये असतात त्यांच्यामुळे वाळवी त्याच्यापासून दूर राहते, पण त्यांतली काही माणसाच्या कातडीला सोसत नाहीत: मनगटावर, मानेवर पुरळ उठते. शिसवीतही अशीच द्रव्ये आहेत आणि एकदा ॲलर्जी जडली की पुढे थोडी धूळही पुरते. आंबा हा बिब्ब्याच्या कुळातला. बिब्बा अंगावर उततो हे मराठवाड्यात कोणाला सांगावे लागत नाही. आंब्याचा चीक ज्यांना बाधतो त्यांनी त्याच्या लाकडाच्या धुळीलाही जपावे. कडुलिंब कातताना घशाला कडवट चव येते. ती चव येणे म्हणजे धूळ घशापर्यंत गेल्याची पावतीच होय. पावसात भिजून बुरशी धरलेल्या, काळ्या रेघा पडलेल्या लाकडाच्या वाट्या दिसतात सुंदर, पण ते कातताना धुळीबरोबर बुरशीचे बीजाणूही उडतात.

जुन्या लाकडाचे प्रकरण वेगळे. माळवदाच्या घरांत खांब, तुळया, सरे अशी भरपूर लाकडे असत. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादकडे दगडमातीच्या जड घरांची धास्ती बसली. पडलेल्या आणि पुढे उतरवलेल्या माळवदांचे लाकूड ठिकठिकाणी साठून राहिले. पन्नास-शंभर वर्षे वाळलेले हे लाकूड लेथवाल्याला सोन्यासारखे वाटते. मात्र त्यावर जुना तेलरंग असेल तर त्यात शिसे असण्याची शक्यता मोठी. घरगुती रंगांतल्या शिशाला ९० पीपीएमची मर्यादा घालणारा नियम भारतात २०१६ मध्ये झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीचा रंग पॉलिश पेपरने घासून उडवणे म्हणजे शिसे हवेत सोडणे. असा थर घासू नये. रंधा किंवा पटाशीने जाड ढलप्यांत काढावा आणि त्या वेळी मास्कला सर्वांत वरच्या दर्जाची जाळी लावावी. लहान मुलांना तर तिथे फिरकूच देऊ नये.

तोंडाला दस्ती बांधणे हा इकडचा जुना उपाय. डाळमिलमधला हमाल बांधतो, रस्त्यावरचा मोटारसायकलवाला बांधतो, सुतारही बांधतो. दस्तीने झिलप्या आणि जाड भुसा तोंडात जात नाही. बारीक धूळ तिच्या विणीतून आणि नाकाच्या दोन्ही बाजूंच्या फटीतून सरळ आत जाते. दवाखान्यातला निळा सर्जिकल मास्क जाळी म्हणून बरा, पण गालाजवळ तो उघडाच असतो. २०२० नंतर एन९५ हे नाव घरोघरी झाले. अमेरिकी मानकाप्रमाणे हा मास्क सर्वांत निसटत्या, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडवतो. ही किमया नुसत्या विणीची नाही. त्यातल्या प्लास्टिकच्या अतिसूक्ष्म धाग्यांवर विद्युतभार दिलेला असतो आणि कण त्याला खेचले जाऊन चिकटतात. साबणाने किंवा स्पिरिटने धुतला की हा भार जातो. मास्क दिसायला स्वच्छ होतो आणि कामातून जातो. कोविडच्या काळात अनेक घरांत एन९५ धुऊन दोरीवर वाळत घातलेले दिसत, ते या कारणाने फुकट होते.

त्याच काळातला आणखी एक समज घराघरात उरला आहे. जुलै २०२० मध्ये केंद्रीय आरोग्य खात्याने झडपेचा मास्क लोकांनी वापरू नये असे सांगितले होते. झडपेतून बाहेर पडणारा श्वास गाळला जात नाही आणि रोगी दुसऱ्याला बाधा देऊ शकतो, म्हणून तो सल्ला होता. लेथवर प्रश्न उलटा असतो. तिथे आत येणारी हवा गाळायची असते, बाहेर जाणाऱ्या श्वासाने लाकडाचे काही बिघडत नाही. मराठवाड्याच्या मे महिन्यात, पारा ४२-४३ अंशांवर असताना, पत्र्याच्या शेडमध्ये बिनझडपेचा मास्क कोणी तासभर चेहऱ्यावर ठेवणार नाही. इथे झडप हवीच.

वारंवार वापरायचा मास्क म्हणजे रबराचा किंवा सिलिकॉनचा, नाक-तोंड-हनुवटी झाकणारा पेला. दोन्ही गालांकडे बदलता येण्याजोग्या जाळ्या. आत हवा घेणाऱ्या दोन पातळ चकत्या आणि पुढे श्वास सोडायची झडप. डोक्याला आणि मानेमागे असे दोन पट्टे. पेला वर्षानुवर्षे टिकतो, जाळ्या बदलत राहायच्या. एकदा घ्यायला तो एन९५ पेक्षा कितीतरी महाग, पण दर आठवड्याला लेथ चालवणाऱ्याला तो लवकरच परवडू लागतो. भारतीय मानक ब्युरोचे आयएस ९४७३ हे मानक एन९५ सारख्या, सगळा मास्कच जाळीचा असणाऱ्या प्रकारासाठी आहे. जाळी बदलता येणाऱ्या अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कसाठी आयएस १४७४६. खोक्यावर युरोपीय खूण असेल तर पी१ म्हणजे ८० टक्के, पी२ म्हणजे ९४ टक्के आणि पी३ म्हणजे ९९.९५ टक्के कण अडवणारी जाळी. अमेरिकी खुणेत एन९५ आणि पी१०० असे प्रकार. पी१०० ची गाळणी ९९.९७ टक्के आणि तिचा रंग गडद गुलाबी-जांभळा. अमेरिकी खुणेतले पी हे अक्षर तेलकट तुषारांतही जाळी टिकते असे सांगते. लाकडाची धूळ तेलकट नसते, तिला एन चालते. घरच्या कातकामाला पी२ किंवा एन९५ दर्जाची जाळी पुरेशी. जुना रंग, शिसव किंवा बुरशीचे लाकूड असेल तर पी३ किंवा पी१०० घ्यावी. कोणतीच खूण नसलेला, नुसते धुळीचा मास्क असे लिहिलेला स्वस्त माल हार्डवेअरच्या दुकानात टांगलेला असतो. तो दस्तीच्याच लायकीचा समजावा.

खरेदीत सर्वांत जास्त फसगत डब्यांची होते. कृषी सेवा केंद्रात फवारणीसाठी जे मास्क मिळतात त्यांना बहुधा काळे किंवा तपकिरी गोल डबे असतात. दिसायला ते धुळीच्या जाळीपेक्षा दणकट, म्हणून गिऱ्हाईक तेच उचलते. पण त्या डब्यात कोळसा असतो आणि तो वाफ शोषतो; सोबत कणांची जाळी नसेल तर बारीक धूळ त्यातून पार होते. उलटही तितकेच खरे: पी१०० ची जाळी लावून थिनर, मेलामाइन किंवा पीयू फवारणाऱ्याला वाफेपासून काहीच संरक्षण नाही. नाकाला थिनरचा वास येतोय म्हणजे जाळी खराब, असे त्यावरून ठरत नाही. धुळीची जाळी वास अडवतच नाही. कातकाम आणि पॉलिश दोन्ही घरी करणाऱ्याने दोन जोड्या ठेवाव्यात किंवा कोळसा आणि जाळी एकत्र असलेला डबा घ्यावा. लेथवरच लाखेची कांडी दाबून रंग चढवणाऱ्याला थिनर लागत नाही, त्याचा प्रश्न फक्त धुळीचा.

इथवर सगळी चर्चा जाळीची झाली, दुकानदारही जाळीचीच टक्केवारी सांगतो. निवड मात्र चेहऱ्यावर ठरते. ९९.९७ टक्के गाळणी असलेली जाळी लावली तरी अमेरिकी नियम अर्ध्या चेहऱ्याच्या मास्कला धूळ एक-दशांश करण्याइतकेच श्रेय देतात, कारण हवा सोपी वाट शोधते आणि नाकाच्या दांड्यापाशी जरा फट राहिली की जाळीतून न जाता तिथून आत येते. म्हणून मास्क मापाने घ्यावा. बहुतेक कंपन्या लहान, मध्यम आणि मोठा अशी तीन मापे काढतात. तालुक्याच्या दुकानात मध्यम तेवढाच असतो. बारीक चेहऱ्याच्या माणसाला, अनेक स्त्रियांना आणि पोरसवद्या मुलांना तो सैल होतो. पट्टे ओढून ओढून सैल मास्क बसत नाही, उलट कडा मुडपते आणि नाकावर वळ उठतो.

बसला की नाही हे पाहायला यंत्र लागत नाही. पट्टे लावून दोन्ही जाळ्यांवर तळहात हलकेच ठेवावेत आणि श्वास आत ओढावा. पेला चेहऱ्याकडे किंचित खेचला गेला आणि क्षणभर तसाच राहिला तर बैठक ठीक. मग पुढच्या झडपेवर तळवा ठेवून हळू श्वास सोडावा; पेला फुगल्यासारखा उचलला जावा, पण डोळ्यांकडे वारा लागू नये. नाकाजवळ थंड झुळूक जाणवली तर पट्टे सारखे करून पुन्हा बघावे, तरी थांबत नसेल तर ते माप त्या चेहऱ्याचे नव्हे. दुकानदार परत घेत नाही म्हणून न बसणारा मास्क वापरत राहण्यात पैसे वाचत नाहीत. मोठ्या कारखान्यांत डोक्यावर पिशवीसारखा टोप घालून त्यात साखरीन किंवा कडू द्रव फवारतात आणि चव लागली तर मास्क नापास ठरवतात. घरी तळहाताची परीक्षा दर वेळी, लेथचे बटण दाबण्याआधी, करावी. अर्धे मिनिटही लागत नाही.

तळहाताच्या परीक्षेत दाढी हमखास नापास होते. दोन दिवसांची खुंटेही पेल्याची कड चेहऱ्याला टेकू देत नाहीत. दाढी काढणे हा उपाय सगळ्यांना लागू नाही. नांदेडला सचखंड श्री हजूर साहिबच्या परिसरात शीख समाज पिढ्यान् पिढ्या राहतो आणि केश त्यांच्या धर्माचरणाचाच भाग आहे. अनेक मुसलमान कारागीरही दाढी राखतात. याच अडचणीतून कोविडकाळात ब्रिटनमधल्या शीख डॉक्टरांनी सिंग ठाठा नावाची पद्धत वापरात आणली: दाढी हनुवटीखाली गोळा करून तिच्यावर रबरी ताणपट्टी घट्ट बांधायची, टोके डोक्यावर गाठायची आणि त्या गुळगुळीत पट्टीवर मास्क बसवायचा. २०२० मध्ये जर्नल ऑफ हॉस्पिटल इन्फेक्शनमध्ये आलेल्या अभ्यासात अशी पट्टी बांधलेल्या बहुतेकांचा मास्क चवीच्या परीक्षेत उतरला. परीक्षा झाली ती दवाखान्यातल्या मास्कवर, रबरी पेल्यावर नव्हे; तरी शेडमध्ये तळहाताची परीक्षा करून बघण्यासारखी ही युक्ती आहे.

दाढीला खात्रीचा पर्याय म्हणजे पंखा आणि बॅटरी असलेला शिरटोप. कमरेच्या किंवा डोक्यामागच्या पेटीतला छोटा पंखा हवा गाळून चेहऱ्यापुढच्या पारदर्शक काचेआड सोडतो. आत दाब असल्याने फटीतून धूळ शिरण्याऐवजी हवा बाहेर पडते. सैल बसणाऱ्या अशा टोपाला अमेरिकी नियम २५ पटींचे श्रेय देतात, म्हणजे अर्ध्या मास्कच्या अडीचपट. चष्म्यावर वाफ धरत नाही, चेहऱ्याला वारा लागतो आणि मे महिन्यातही तासन् तास काम होते. किंमत मात्र अर्ध्या मास्कच्या कित्येक पट, आणि बॅटरी आदल्या रात्री चार्ज करून ठेवावी लागते. वीज गेलेल्या सकाळी रिकाम्या बॅटरीचा टोप घालून काम सुरू केले तर तो नुसती काच उरतो. दमा असणाऱ्याने, दाढी राखणाऱ्याने किंवा रोज चार तास कातणाऱ्याने हा खर्च करावा. बाकीच्यांना अर्धा मास्क पुरतो.

कातकामाची एक अडचण रंगाऱ्याला किंवा गवंड्याला नसते. लेथवरचे लाकूड कधी फुटते, वाटीचा काठ तुटून चेहऱ्याकडे येतो, म्हणून मास्कवरून चेहरा झाकणारी काच लागतेच. मास्कच्या जाळ्या बाजूला फार पुढे आलेल्या असतील तर काच खाली येत नाही, अर्धवट वर राहते आणि मग कंटाळून एक तरी काढली जाते. म्हणून घेताना चपट्या, मागे वळलेल्या जाळ्यांचा मास्क बघावा आणि घरची काच सोबत नेऊन दुकानातच एकावर एक घालून पाहावी. मान खाली घालून पाहावे, कारण कातणारा सारखा वाटीच्या आत डोकावत असतो. चष्मा असेल तर तोही लावावा. पेल्याची वरची कड चष्म्याच्या पुलाला अडत असेल तर दोहोंतले एक सरकणारच.

उन्हाळ्यात पेल्याच्या आत घाम साठतो. त्याला सिलिकॉन रबरापेक्षा बरे: मऊ राहते, कातडीला कमी टोचते आणि पुसायला सोपे. तरीही एप्रिल-मे मध्ये घासकाम सकाळी उरकावे. घामाने मास्क सरकू लागला की हात आपोआप तो खाली ओढतो, आणि गळ्यात लोंबणाऱ्या मास्कच्या आतल्या बाजूवर धूळ बसते. पुढच्या वेळी तीच धूळ थेट नाकाशी जाते.

काम संपल्यावर आधी खोलीचा झरोका उघडून काही वेळ जाऊ द्यावा, मग बाहेर येऊन मास्क काढावा. जाळ्या सोडवून पेला कोमट पाण्यात थोड्या साबणाने धुवावा आणि सावलीत वाळवावा. थिनर, पेट्रोल किंवा स्पिरिट लावू नये, रबर फुगते. जाळी धुवायची नाही, आपटायची नाही, कॉम्प्रेसरने फुंकायचीही नाही. हवेच्या जोराने तिचे धागे फाटतात आणि ती वरून जशीच्या तशी दिसत राहते. श्वास ओढायला जड जाऊ लागला, जाळी भिजली किंवा चिरली की ती बदलायची. कोळशाच्या डब्याचे गणित निराळे: तो उघडाच पडून राहिला तर वापर नसतानाही भरत जातो, म्हणून त्याला हवाबंद पिशवी लागते. धुण्याच्या वेळी पुढची झडप उचलून बघावी. तिच्या चकतीखाली भुशाचा एक कण अडकला तरी ती नीट मिटत नाही आणि श्वास आत घेताना तिथूनच धूळ येते. मास्क लेथच्या खुंटीला टांगण्याऐवजी झाकणाच्या डब्यात ठेवावा.

मास्क फक्त घालणाऱ्याला वाचवतो. शेडमधली धूळ घरात जाऊ नये म्हणून घासताना लेथच्या मागे हवा बाहेर फेकणारा पंखा असावा, धूळ ओढणारे यंत्र असेल तर त्याचे तोंड लाकडाच्या अगदी जवळ आणावे, आणि झाडण्याआधी पाणी शिंपडावे. कामाचे कपडे शेडमध्येच बदलावेत. आणि मास्क घेताना त्याच दुकानात त्याच कंपनीच्या जाळ्या, झडपेच्या चकत्या आणि पट्टे सुटे मिळतात का, हे आधी विचारून घ्यावे. एका कंपनीची जाळी दुसऱ्या कंपनीच्या पेल्याला सहसा बसत नाही, आणि सुटे भाग मिळाले नाहीत तर चांगला पेलाही वर्षभरात निकामी होतो.